कोरी करकरीत स्टेपनी

मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीच्या डिकीत, गालिच्याखालच्या गोल खड्ड्यात जे पाचवे चाक पडून असते ना, तीच मी. मित्रांनो, आजवर मी माझी कहाणी कुणालाच सांगितली नाही, कारण सांगण्यासारखे काही घडलेच नव्हते. आज मात्र मी जन्मात पहिल्यांदा रस्त्यावर धावते आहे. मला गाडीच्या पुढच्या बाजूला बसवले आहे. वर ठकी गाडी चालवते आहे, मागच्या सीटवर तिची छकुली पट्टा लावून बसली आहे, आणि माझ्या अंगात आतल्या आत काहीतरी सुटू लागले आहे. त्यामुळे जे सांगायचे ते मला जरा घाईने सांगावे लागेल. मध्येच थांबले तर समजून घ्या.

माझा जन्म टायरच्या कारखान्यात झाला. काळे चिकट रबर, त्यात तारांचे आणि धाग्यांचे थर, आणि वरून तापलेला साचा. साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगावर रबराचे बारीक केस होते आणि वाफ निघत होती. माझ्या कुशीवर चार आकडे उमटवलेले होते. मी कोणत्या वर्षी आणि त्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात बनले, ते त्यात लिहिलेले असते. हे आकडे प्रत्येक टायरवर असतात, पण ते वाचण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. माझ्याबरोबर बनलेली चार भावंडे गाडीच्या चार चाकांवर गेली. मला डिकीत टाकले आणि वरून गालिचा ओढला. मला वाटले, दोन-चार दिवसांचा प्रश्न असेल.

गाडी शोरूममध्ये उभी होती तेव्हाची गोष्ट. माणसे येत, रंग बघत, सीटवर बसून बघत, गाणी लावून बघत आणि जात. एके दिवशी एक गृहस्थ बायको-मुलीला घेऊन आले. त्यांना आपण बाबा म्हणू, कारण पुढे मी त्यांना घरात तेच ऐकत आले. आई मागच्या सीटवर बसून पाय लांब करून बघत होती. शाळकरी ठकी हॉर्न वाजवून पाहत होती. बाबांनी मात्र सरळ डिकी उघडायला लावली, गालिचा उचलला आणि माझ्यावर हात फिरवला.

"स्टेपनी पूर्ण मापाची आहे ना? आजकाल बारकी देतात म्हणे."

"पूर्ण मापाची आहे साहेब," विकणारा तरुण हसून म्हणाला. "पण स्टेपनी बघून गाडी घेणारे तुम्ही पहिलेच."

"गाडी काय, कुणीही देईल हो," बाबा म्हणाले. "अडीअडचणीला काय दिलंय, ते बघायचं असतं."

तिथल्या तिथे गाडी ठरली. आई पुढे कितीतरी दिवस चेष्टा करत असे, "आमच्या घरी स्टेपनी आली, तिच्याबरोबर एक गाडी फुकट मिळाली." मला अर्थातच फार बरे वाटले. कौतुक कुणाला नको असते?

बाबा एका मोठ्या गिरणीत स्टोअरकीपर होते. यंत्रांचे सुटे भाग सांभाळायचे हे त्यांचे काम. ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली बेअरिंगे, पट्टे, दांडे, फळ्यांवर रांगेने लावलेले. एखादे यंत्र अडले की सगळी गिरणी बाबांच्या खिडकीपाशी येई, आणि बाबा वर्षानुवर्षे जपलेला भाग कागदातून सोडवून असा चकचकीत काढून देत की मागणाऱ्याचे डोळे दिपत. हीच त्यांची कमाई होती, हाच त्यांचा मान होता. त्यांचा एक नियम होता, आणि तो ते गाडीत बसल्या-बसल्या सुद्धा सांगत: "जो माल अजून खिडकीबाहेर गेला नाही, तो नवा."

लोखंडाच्या बाबतीत हा नियम अगदी बरोबर होता. रबराच्या बाबतीत तो साफ चूक होता. हे बाबांना कुणी सांगितले नाही, आणि मला तर तोंडच नाही.

त्यांनी मला तळहाताच्या फोडासारखे जपले. सुट्टीच्या दिवशी मला बाहेर काढायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, हवा मोजायची, कमी असेल तर भरून आणायची, आणि पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवायचे. गल्लीतले लोक थांबून बघत. "काय राव, स्टेपनीला न्हाऊ-माखू घालताय!" असे म्हणत. बाबा म्हणत, "बघा तरी, अंगावरचे केस सुद्धा गेले नाहीत अजून. कोरी करकरीत आहे." मग ते सगळे मान डोलावत.

पण मला वापरायचे मात्र नाही. एकदा एका लग्नाहून परत येताना भर दुपारी मागचे चाक पंक्चर झाले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हते. मला वाटले, आता माझी पाळी आली! मी अंगभर सावध झाले. डिकी उघडली, जॅक बाहेर गेला, पाना बाहेर गेला, आणि डिकी पुन्हा बंद झाली. बाबा पंक्चर झालेले चाक खांद्यावर घेऊन गावाच्या दिशेने चालू लागले होते.

"अहो, मग ती डिकीतली काय पुजायला ठेवलीय?" आईचा आवाज चढला होता.

"छोट्या-मोठ्याला ती खर्च करायची नाही," बाबा लांबून ओरडले. "ती ठेवणीतली आहे!"

आई आणि ठकी झाडाखाली बसून राहिल्या. ठकी हसत होती. मीही तेव्हा हसलेच असते, पण मनातून खट्टू झाले होते. रस्ता म्हणजे काय ते मला माहीतच नव्हते. फक्त खालून घरघर ऐकू येई आणि गाडी वळली की मी खड्ड्यात थोडी सरके.

वर्षे गेली. माझी चारही भावंडे झिजली, त्यांच्या जागी नवी आली, तीही झिजली. गाडीची बॅटरी बदलली, वायपर बदलले, ब्रेकचे पॅड बदलले, एका उन्हाळ्यात रेडिएटर फुटला तोही बदलला. बाबा गाडीचे सगळे वेळच्या वेळी करणारे होते, त्यांना कुणी नाव ठेवू शकणार नाही. मी तेवढी तशीच राहिले. डिकी उन्हात भट्टीसारखी तापायची आणि रात्री गार पडायची. तापणे, गार होणे, पुन्हा तापणे. प्रत्येक वेळी माझ्यातला ओलावा थोडा थोडा उडून जात होता. आधी मला ते कळले नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी बाबा मला पुसत असताना कुशीवर एक केसाएवढा बारीक तडा गेला. आवाज इतका लहान झाला की फक्त मलाच ऐकू आला. बाबांनी त्याच जागेवरून फडके फिरवले आणि म्हणाले, "वा!"

त्या दिवसापासून, मित्रांनो, माझ्या जिवाला घोर लागला. वरून मी कोरी आणि आतून वाळलेली. आता मला रस्त्यावर जायची हौस उरली नाही. उलट डिकी उघडली की माझ्या काळजात धस्स होई. मला कळून चुकले होते की मी ज्या दिवशी धावेन त्या दिवशी फुटेन, आणि तेव्हा माझ्यावर भरवसा ठेवून कोणीतरी वर बसलेले असेल.

दरम्यान ठकी मोठी झाली, तिचे लग्न झाले, ती दुसऱ्या गावी गेली. शाळेच्या बसगाड्यांच्या डेपोत तिला नोकरी लागली. तिला छकुली झाली. बाबा निवृत्त झाले. त्यांच्या मागे गिरणीतल्या नव्या लोकांनी ते स्टोअर रिकामे केले आणि जपून ठेवलेला सगळा माल भंगारात काढला. बाबा एकदा सहज म्हणून तिकडे गेले होते. परत येताना गाडी घरापर्यंत आणली, पण बराच वेळ आतच बसून राहिले. आई बोलवायला आली तेव्हा म्हणाले, "ग्रीसचा कागद सुद्धा सोडला नव्हता गं अजून. नवं होतं सगळं."

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. अंधार पडला की समोरचे धूसर दिसे. त्यांनी गाडी ठकीला द्यायचे ठरवले. ठकीला छोटी नवी गाडी घ्यायची होती, पण बाबांचा चेहरा बघून ती म्हणाली, "आपली गाडी असताना दुसरी कशाला?" ती गाडी न्यायला आली त्या सकाळी अंगणात जॅक लावलेला होता. पुढचे दोन टायर झिजले होते, आणि बाबांनी मला प्लॅस्टिकमधून सोडवून भिंतीला टेकवून ठेवले होते. इतकी वर्षे जी कुणासाठी काढली नाही, ती ते लेकीसाठी काढत होते. त्यांच्या चेहऱ्यावर गिरणीच्या खिडकीतला तो जुना आनंद होता.

ठकी खाली वाकली आणि माझ्या कुशीवरचे चार आकडे वाचू लागली. माझे आकडे वाचणारी ती पहिलीच.

"बाबा, ही कधीची आहे माहितीये?"

"कधीची म्हणजे? गाडीबरोबरची. एकदाही वापरलेली नाही."

"तेच म्हणतेय मी. गाडी आली तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते." तिने माझ्या तड्यात नखाचे टोक घालून दाखवले. "हे बघा. आमच्या डेपोत असा टायर सापडला तर त्याच दिवशी कापून टाकतात. नक्षी कितीही चांगली असू दे. मुलं बसतात गाडीत."

"तुमच्या डेपोतले टायर उन्हातान्हात फिरतात. ही घरात वाढलीय."

"घरात वाढलीय म्हणे!" आई म्हणाली. "मग द्या लग्न लावून तिचं."

ठकीला हसू आले नाही. "बाबा, माझी छकुली बसणार आहे मागे," ती एवढेच म्हणाली.

बाबांनी तड्यावरून एकदा बोट फिरवले. शेवटी म्हणाले, "बरं. पुढचे दोन्ही नवे टाकू. स्टेपनीपण बदलून आणतो."

"आणि ही कापूनच टाका हं. कुणाला देऊ नका."

मित्रांनो, खरे सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले. कापून टाका म्हणणारी ती मला माझी सगळ्यात जवळची वाटली.

बाबा गाडी घेऊन टायरच्या दुकानात गेले. पुढचे दोन टायर बदलून झाले. दुकानदाराने माझ्या मापाचा नवा टायर काढून आणला आणि मला डिकीतून उचलून बाबांपुढे उभे केले.

"ही तिकडं टाकू ना?"

कोपऱ्यात ढीग होता. गुळगुळीत, फाटलेले, तारा बाहेर आलेले टायर एकमेकांवर पडले होते. बाबांनी एकदा त्या ढिगाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"यांच्यात?"

"मग कुठं, काका? वय झालं तिचं."

"वय माझंही झालंय," बाबा म्हणाले. त्यांनी मला स्वतःच्या हातांनी उचलले, पुन्हा डिकीत ठेवले आणि नवा टायर तसाच दुकानात सोडून दिला.

घरी येऊन त्यांनी बुटाचे काळे पॉलिश घेतले आणि जुन्या ब्रशने माझ्या अंगाला लावले. तडे भरून गेले. आकडे सुद्धा बुजले. मग फडक्याने घासून त्यांनी मला अशी चमकवली की मीच मला ओळखले नसते. इतक्या मायेने कुणी कुणाचे नुकसान करत असेल असे मला वाटत नाही. शेवटी त्यांनी वर नवे प्लॅस्टिक गुंडाळले आणि गालिचा ओढला.

"झालं का काम?" ठकीने विचारले.

"झालं. हवं तर बघून घे."

"तुम्ही केलंय म्हटल्यावर मी काय बघायचं?"

तिने डिकीत पिशव्या भरल्या आणि झाकण लावले. बाबांचे पाय काही वेळ डिकीपाशीच उभे होते. मला वाटले, आता बोलतील. मग गाडी सुरू झाली.

त्यानंतर मी ठकीच्या गावी डिकीतच होते. तिने मला कधी बाहेर काढले नाही, कारण तिच्या लेखी मी नवीच होते. जसजसे दिवस काही न घडता गेले तसतशी मलाही खोटी आशा वाटू लागली की असेच पडून पडून माझे आयुष्य संपेल आणि गाडीबरोबर मीही मोडीत जाईन. आणि आज दुपारी, बाबा-आईंकडे निघालेली असताना, ठकीच्या पुढच्या चाकात बोटभर खिळा शिरला.

गाडी मोठ्या रस्त्याच्या कडेला लागली. ऊन मी म्हणत होते. ठकीने छकुलीला उतरवून कडेला उभे केले आणि ती एकटीच जॅकशी झटू लागली. एक दुधाची गाडी थांबली आणि तिचा ड्रायव्हर उतरला.

"सरका ताई, बाळाला घेऊन सावलीत उभ्या राहा. पाच मिनिटांचं काम आहे."

त्याने माझे प्लॅस्टिक फाडले आणि शीळ घातली. "स्टेपनी तर कोरी करकरीत ठेवलीय की! नशीबवान आहात. निम्म्या गाड्यांत हवा नसलेली सापडते." बिचारा मनापासून बोलत होता. त्याने मला नीट बसवले, नट आवळले, वर एक लाथ मारून पाहिली आणि हात सुद्धा न धुता निघून गेला. ठकी दुरून त्याचे आभार मानत होती. ती माझ्याजवळ वाकली असती तर पॉलिशखालचा तडा तिला दिसला असता. पण छकुली उन्हाने कुरकुरत होती.

गाडीत बसल्यावर तिने फोनचा स्पीकर लावला.

"बाबा, वाटेत पंक्चर झालं होतं. काळजी नको, झालं सगळं. तुम्ही स्टेपनी बदललीत म्हणून सुटले, नाहीतर इथंच बसले असते पोरीला घेऊन."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"स्टेपनी लावली?" बाबांचा आवाज खोल गेला होता.

"हो. का हो?"

मागून आई विचारत होती, काय झाले म्हणून. बाबा तिला म्हणाले, "काही नाही, काही नाही." मग ठकीला म्हणाले, "सावकाश ये हं, बाळा."

"येतेच. रात्री जेवायला थांबा."

मित्रांनो, तेव्हा ते बोलले असते तर गाडी अजून रस्त्याच्या कडेलाच उभी होती. पण जन्मभर ज्याचा शब्द म्हणजे शब्द होता, त्या माणसाला लेकीपुढे खोटे पडणे फार जड गेले असेल. मला त्यांचा राग येत नाही. मला त्यांच्या त्या न बोलण्याची भीती वाटते.

ठकीने फोन छकुलीच्या हातात दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली. आणि मी धावू लागले. कसे सांगू तुम्हाला! वारा, खडी, पुलाचे सांधे, तापलेले डांबर. ज्याच्यासाठी मी जन्मले ते हेच, आणि ते इतके सुंदर होते की क्षणभर मी सगळे विसरले. मग ऊब चढू लागली. पहिल्यांदा एक तडा उघडला, मग त्याच्या शेजारचा. वरची नक्षी आतल्या तारांपासून सुटू लागली. आता प्रत्येक फेऱ्याला माझे एक अंग उचलले जाते आहे आणि आपटते आहे. स्टिअरिंग थरथरत असणार. ठकीने रेडिओ बंद केला आहे. ती कान देऊन ऐकते आहे.

आम्ही आता लांब पुलावर आहोत. गाडी मधल्या रांगेत आहे आणि कडेच्या रांगेत ट्रकामागे ट्रक.

फोन वाजला.

"आई, आजोबांचा फोन."

"सांग त्यांना, आई गाडी चालवतेय. संध्याकाळी भेटू म्हणावं."

छकुलीने फोन कानाला लावला. मग तिने तो खाली घेतला.

"आई, आजोबा रडतायत."

"काय?"

"ते म्हणतायत, आईला सांग, ते जुनंच चाक आहे."

मग माझ्यावरची ओढ किंचित कमी झाली. ठकीने ब्रेक दाबला नाही. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो, हे ती डेपोत शिकली असेल. तिने फक्त पाय उचलला आहे आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले आहे. तिच्या हातांची पकड मला इथपर्यंत कळते आहे. "छकुली, बाहुलीला घट्ट धर आणि मागे टेकून बस," ती म्हणते आहे. तिचा आवाज अगदी साधा आहे.

मित्रांनो, मला आता फार बोलता येणार नाही. तुमच्या घरच्या गाडीच्या डिकीत माझी एखादी बहीण पडलेली असेल. आजच गालिचा उचला. तिची नक्षी बघून भुलू नका, कुशीवरचे आकडे वाचा, आणि ती म्हातारी असेल तर कितीही कोरी दिसली तरी तिला जाऊ द्या. पुसणे-जपणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. आणि कुणाला काही सांगायचे राहिले असेल तर ते गाडी सुरू व्हायच्या आधी सांगा.

मी माझ्या तारा धरून ठेवल्या आहेत. जेवढे धरवेल तेवढे धरीन. फोनमधून बाबांचा आवाज अजून येतो आहे. ठकीने कडेला जाण्यासाठी इंडिकेटर लावला आहे, आणि शेजारचा ट्रक पुढे सरकण्याची आम्ही वाट बघतो आहोत.